औषधांच्या डब्याशेजारी एक न वाचलेले पुस्तक

सोमवारी वलगावच्या माझ्या दवाखान्यात गर्दी असते. अमरावती–परतवाडा रस्त्यावर बस थांबते, आसपासच्या खेड्यांतील मंडळी उतरतात आणि बाहेरचा बाक भरून जातो. अशाच एका सोमवारी चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका बाकाच्या टोकाशी बसून, हात लांब करून, फुटाण्याच्या पुडीचा कागद वाचत होत्या. पाळी आल्यावर त्या आत आल्या आणि बसण्याआधीच म्हणाल्या, "डॉक्टरबाई, अर्धीच बातमी हाय. बाकीचा कागद दुसऱ्याच्या पुडीत गेला."

आम्ही दोघी हसलो. पण मला थोडे अपराधी वाटले. त्या गेले चार महिने माझ्याकडे येत होत्या. झोप लागत नाही, छातीत धडधडते, अंग दुखते, कशात मन रमत नाही, अशा त्यांच्या तक्रारी. मी रक्तदाब पाहिला, हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासून घेतले, आणि झोपेची गोळीही लिहून दिली. मात्र दिवसभर त्या काय करतात, हे मी एकदाही विचारले नव्हते.

त्या दिवशी विचारले. चाळीस वर्षे त्या वाचत आल्या होत्या. "हे होते तवा दर पंधरवड्याला अमरावतीहून दोन पुस्तकं आनत. आता कोन आनीन?" यजमानांना जाऊन दोन वर्षे झाली होती आणि वाचनालयाचे सभासदत्व त्यांच्यामागोमाग संपले होते. मुलगा आणि सून प्रेमळ होती. त्यांनी आईसाठी पोथी आणली होती, मधुमेहाच्या आहाराची पुस्तिकाही आणली होती. "पोथी तं रोजचीच हाय, बाई. पन त्यात पुढं काय होते ते मले ठाऊक हाय. ठाऊक नसलेलं काई पायजे."

त्यांच्या अनुमतीने, नावगाव वगळून, ही हकिगत लिहीत आहे. कारण 'ठाऊक नसलेले काही पाहिजे' ही गरज आपल्याही घरात कोणाची तरी असेल. कदाचित आपली स्वतःचीच असेल.

वाचन सुटते, ते का?

'आता वय झाले, वाचनात लक्ष लागत नाही' हे वाक्य मी फार वेळा ऐकते. बहुतेक वेळा वय हे त्याचे खरे कारण नसते. कारण दुसरेच असते आणि पुष्कळदा ते दूर करता येते.

पहिले कारण डोळ्यांचे. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, हे सर्वांना माहीत आहे. साठीनंतर बाहुली आकुंचते, भिंग पिवळट होते आणि डोळ्याच्या पडद्यापर्यंत तरुणपणाच्या सुमारे एकतृतीयांशच उजेड पोहोचतो, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून ज्या दिव्याखाली नातू आरामात अभ्यास करतो, तोच दिवा आजोबांना अंधुक वाटतो. त्यातच मोतीबिंदू वाढला तर अक्षरे धुरकट होतात.

येथे एक चूक सर्रास घडते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत सामान्यतः लांबचे स्पष्ट दिसेल असे भिंग बसवतात. वाचण्यासाठी पुढे चष्मा लागतोच आणि तो डोळा स्थिरावल्यावर, साधारण चार ते सहा आठवड्यांनी करून घ्यायचा असतो. अनेक घरांत शस्त्रक्रिया होते, थेंब संपतात आणि चष्म्याचे राहून जाते. मग 'ऑपरेशन करूनही वाचता येत नाही' अशी समजूत कायमची होऊन बसते. मधुमेह असलेल्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. साखर फार वरखाली होत असताना चष्म्याचा नंबर बदलत राहतो, म्हणून ती आटोक्यात आल्यावर चष्मा करावा. तसेच दिसण्याची तक्रार नसली, तरी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा.

दुसरे कारण हातांचे आणि मानेचे. पाचशे पानांचे जाडजूड पुस्तक संधिवाताच्या बोटांना पेलत नाही आणि मान खाली घालून वाचले की मणके दुखतात. तिसरे कारण एकटेपणाचे: पुस्तक आणून देणारे माणूस जाते. चौथे कारण आपणच निर्माण करतो. साठी उलटली की आपण परस्पर ठरवून टाकतो की, यांना आता पोथी आणि आरोग्याची पुस्तिका पुरे. पोथीचा आधार फार मोठा आहे आणि तो असावाच. पण ज्यांनी आयुष्यभर रहस्यकथा वाचल्या, त्यांची ती आवड सेवानिवृत्तीच्या दिवशी संपत नाही.

नव्या पुस्तकाने शरीराला काय मिळते?

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नाशी ओलांडलेल्या ३,६३५ व्यक्तींची माहिती त्यांनी बारा वर्षांपर्यंत पाहिली. पुस्तके वाचणारे लोक न वाचणाऱ्यांपेक्षा सरासरी २३ महिने अधिक जगले. आणि हा फरक वृत्तपत्रे व नियतकालिके वाचण्यापेक्षा पुस्तके वाचण्यात अधिक ठळक होता. त्याआधी, २००३ साली, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील पंचाहत्तरीपुढच्या ४६९ ज्येष्ठांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन, नृत्य यांत रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण कमी आढळले.

डॉक्टर म्हणून येथे सावधपणे बोलले पाहिजे. अशा अभ्यासांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. ज्यांची प्रकृती मुळात बरी, तेच अधिक वाचत असतील, अशीही शक्यता असते. म्हणून 'पुस्तक वाचा आणि आयुष्य वाढवा' असे मी सांगणार नाही. रक्तदाबाची गोळी पुस्तकाने सुटत नाही. मात्र मी जे रोज पाहते ते सांगू शकते. वृद्धापकाळी दिवस एकसारखे होतात; उद्याचा दिवस आजच्यासारखाच असणार, हे माणसाला आधीच ठाऊक असते. अर्धे वाचून ठेवलेले पुस्तक उशाशी असले की उद्यासाठी एक निमित्त उरते.

ओळखीच्या वाटेने अनोळखी कपाटाकडे

मग कोणते पुस्तक द्यावे? माझी पहिली निवड सपशेल फसली. मला स्वतःला अतिशय प्रिय असलेली एक गंभीर कादंबरी मी त्या बाईंना दिली. आठवड्याने त्यांनी ती परत आणली, अकरा पाने वाचून. "पुस्तक चांगलं असंन, पन माह्यासाठी नाई." त्यांना हवी होती रहस्यकथा. शाळेत असताना त्या मधल्या सुटीत वर्गपाटाखाली लपवून बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड वाचत असत!

त्यावरून मी एक पद्धत शिकले. माणसाची जुनी आवड विचारावी आणि तेथून एकच पाऊल शेजारच्या कपाटाकडे टाकावे.

कीर्तन-प्रवचनाची आवड असेल, तर पुढचे पाऊल चरित्राचे. आपले वलगाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते गाडगेबाबांमुळे. २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असताना, येथील पेढी नदीच्या परिसरात त्यांनी देह ठेवला. स्वतः शाळेची पायरी न चढलेल्या या संताने मुलांना शिकवा म्हणून गावोगाव हात जोडले. त्यांचे चरित्र प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिले आणि गो. नी. दांडेकरांनीही लिहिले. एकाच माणसाकडे दोन लेखक कसे पाहतात, हे ताडून पाहण्यात निराळीच गोडी आहे. दांडेकर तर आपल्या परतवाड्यात जन्मलेले. त्यांच्या चरित्रग्रंथावरून त्यांच्या 'पूर्णामायची लेकरं' या वऱ्हाडी बोलीतल्या कादंबरीकडे सहज जाता येते; आणि तेथून नर्मदा परिक्रमेच्या अनुभवांवर आधारलेल्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'कडे.

शेतीत आयुष्य गेलेल्यांना आपल्या मातीतली कादंबरी जवळची वाटते. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० साली आली. तिच्यातील कौतिक ही कष्टकरी स्त्री वऱ्हाडीत बोलते आणि वाचणाऱ्याला आपल्या आईची किंवा आजीची आठवण होते. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेतकरी कुटुंबाची घुसमट तिच्यात आहे. एक वैद्यकीय सूचना मात्र करते: घरात नुकताच मृत्यू झाला असेल किंवा मन फार खचलेले असेल, तर अशी पुस्तके थोडी पुढे ढकलावीत. तेव्हा श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'सुदाम्याचे पोहे' काढावे. वऱ्हाडात वकिली करता करता त्यांनी मराठी विनोदाचा पाया घातला.

बायाबापड्यांच्या गप्पांत रमणाऱ्यांसाठी आत्मकथने आहेत. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या आणि त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिले. स्वतःवर इतके मोकळेपणाने हसणारे पुस्तक विरळाच. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' ही पुस्तके आपल्याच गावाची दुसरी बाजू दाखवतात. सत्तरीतही माणसाचे मत बदलू शकते, हे अशा वाचनातून मी पाहिले आहे.

रानाची ओढ असलेल्यांनी मारुती चितमपल्ली यांचे 'रानवाटा' घ्यावे. वनाधिकारी म्हणून त्यांनी मेळघाटातही काम केले होते. गुडघ्यांमुळे चिखलदऱ्याला जाणे होत नसेल, तर मेळघाट असा घरी येतो. प्रवासाची हौस राहून गेली असेल, तर मीना प्रभू यांचे 'माझं लंडन' आहे. त्या स्वतः डॉक्टर होत्या.

रहस्यकथेच्या वाचकाला विज्ञानकथा दूरची नाही. जयंत नारळीकरांचे 'यक्षांची देणगी' आणि 'प्रेषित' ही त्या कपाटातली पहिली पुस्तके ठरावीत. विज्ञान नको असेल, तर त्यांचे 'चार नगरांतले माझे विश्व' हे आत्मचरित्र आहे. आजाराविषयी वाचायचेच असेल, तर पुस्तिकांपेक्षा डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' वाचावे; एक डॉक्टर स्वतः रुग्ण झाल्यावर काय शिकला, ते त्यात आहे. परदेशी साहित्याची भीती वाटत असेल, तर पु. ल. देशपांडे यांचे 'एका कोळियाने' हाती घ्यावे. हेमिंग्वेच्या कादंबरीचा हा अनुवाद लहानसा आहे आणि त्याचा नायक एक म्हातारा आहे. आजच्या लेखकांपैकी कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण' या कादंबरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेल्या गावातल्या माणसांची ती गोष्ट आहे.

आणि पुस्तक आवडले नाही तर? नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकी ग्रंथपालबाईंनी एक सोपा नियम सांगितला आहे. पन्नास पाने वाचावीत; नाही रुचले तर खुशाल सोडावे. पन्नाशी उलटलेल्यांनी मात्र शंभरातून आपले वय वजा करावे आणि तेवढीच पाने वाचावीत. म्हणजे ऐंशी वर्षांच्या आजोबांना वीस पानांत निर्णय घेण्याचा अधिकार आहे. आमच्या बाईंनी अकरा पानांत घेतला, एवढेच!

पुस्तक मिळवावे कुठून?

सार्वजनिक वाचनालय हा सर्वांत स्वस्त आणि चांगला मार्ग. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांची अनुदानित वाचनालये गावोगाव आहेत आणि प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय जिल्हा ग्रंथालय आहे. वाचनालयाची वर्गणी सहसा औषधाच्या एका पाकिटाहून जास्त नसते. तेथील ग्रंथपालांना पुस्तकाचे नाव सांगण्याऐवजी आधी काय आवडले होते ते सांगावे. दरवर्षी जिल्ह्यात भरणाऱ्या ग्रंथोत्सवात घरच्या ज्येष्ठांना सोबत न्यावे. पुस्तक हातात घेऊन चार पाने चाळण्याचे सुख निराळे असते.

दिवाळी अंक तर नव्याची चव घेण्यासाठीच जन्मले असावेत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली ही परंपरा सुरू केली. कथा, लेख, प्रवासवर्णन, कविता, व्यंगचित्रे असे सारे एका अंकात मिळते. कोणता लेखक आवडला, याची नोंद ठेवली की पुढच्या वर्षभराची यादी तयार होते. ठरावीक रकमेत अनेक दिवाळी अंक वाचायला देण्याची योजना पुष्कळ वाचनालये चालवतात.

मोबाइलचाही उपयोग आहे. त्यावर पुस्तक उघडले की अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात. मराठी बोलकी पुस्तकेही मिळतात. दृष्टी फार अधू असेल, तर ऐकणे हेही वाचनच समजावे. श्रवणयंत्र असल्यास ते लावूनच ऐकावे.

सांभाळणाऱ्यांसाठी काही सूचना

१. दिवा खांद्यामागून, पानावर पडेल असा ठेवावा. डोळ्यांवर झोत नको.

२. पुस्तक मांडीवर न ठेवता उशीवर किंवा पोथीसाठी असते तशा घडीच्या लाकडी स्टँडवर ठेवावे. डोळ्यांपासून ते साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर असावे.

३. वीस मिनिटांनी नजर वर करून खिडकीबाहेर पाहावे, पापण्या मिटाव्यात. अर्ध्या तासाने उठून घरात एक फेरी मारावी. तासन्‌तास पाय लोंबते ठेवल्यास सूज येते.

४. ज्यांना स्वतः वाचता येत नाही, त्यांना रोज पंधरा-वीस मिनिटे वाचून दाखवावे. छोटी कथा निवडावी. वऱ्हाडी संवाद वऱ्हाडीतच म्हणावेत. शांत बसलेली आजी तेवढ्याने बोलती होते.

५. स्मृतिभ्रंश असेल, तर 'काल काय वाचले, सांगा बरे' अशी परीक्षा घेऊ नये. तेच पान पुन्हा वाचावे लागले तरी वाचावे. त्या पंधरा मिनिटांची सोबत खरी असते.

६. पुस्तक आपल्या आवडीचे लादू नये.

वाचनातील बदल, प्रकृतीची खूण

वाचणाऱ्या माणसाचे वाचन बदलले की डॉक्टरांना कळवावे, कारण आजाराची पहिली खूण पुष्कळदा तेथे दिसते. अर्धे पान अचानक दिसेनासे झाले, ओळखीचे शब्द एकाएकी वाचता येईनात, बोलणे अडखळले किंवा तोंड वाकडे झाले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. सरळ ओळी वाकड्या दिसू लागल्या, एका डोळ्याने एकदम अंधुक दिसू लागले किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला व दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

आवडीचे पुस्तक समोर असूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ उघडावेसे वाटत नाही, भूक मंदावली आहे, पहाटे जाग येते, उदास वाटते, असे असेल तर ते नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत. तेच पान पुन्हा पुन्हा वाचावे लागत असेल, तर लगेच स्मृतिभ्रंश म्हणून घाबरू नये. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, झोपेच्या गोळ्यांचा परिणाम, ही कारणेही तपासावी लागतात.

त्या बाईंचे पुढे काय झाले?

तपासणीत त्यांच्या उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया झाली आणि सहाव्या आठवड्यात वाचण्याचा चष्माही झाला. नातू महाविद्यालयासाठी रोज बसने अमरावतीला जातो. वाचनालयाचे सभासदत्व आता त्याच्या नावावर आहे आणि पुस्तके आजीच्या सांगण्यावरून येतात. झोपेची गोळी टप्प्याटप्प्याने कमी करत बंद केली. ती माझ्या देखरेखीखाली केली. कोणीही ती आपल्या मनाने एकदम थांबवू नये. चमत्कार काही झालेला नाही. गुडघे दुखतातच. झोप पाच-साडेपाच तासांचीच आहे. यजमानांची आठवण आली की संध्याकाळ जड जाते, हे त्या लपवत नाहीत.

नव्या पुस्तकांची निर्मिती आपल्या जिल्ह्याला नवी नाही. मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ, म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र', तेराव्या शतकात याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला सिद्ध झाला. तेव्हापासून जमलेल्या या ग्रंथसंपदेवर घरातील थोरांचा हक्क आपल्याइतकाच आहे.

या पंधरवड्यात आपण एवढेच करावे. घरातील वडीलधाऱ्यांना तीन प्रश्न विचारावेत: पूर्वी काय वाचायला आवडे? आता वाचताना अडचण कोणती येते? आणि ठाऊक नसलेले काय वाचावेसे वाटते? आपण स्वतः ज्येष्ठ असाल, तर कोणी विचारण्याची वाट न पाहता हेच तीन प्रश्न घरच्यांना ऐकवावेत.

गेल्या सोमवारी त्या बाई रक्तदाब तपासायला आल्या होत्या. पाळी आली म्हणून मी हाक मारली, तर बाकावरून मान वर न करता त्या म्हणाल्या, "त्याईले पाठवा आधी, बाई. माहं एवढं पान होऊ द्या."